"मागच्या डोसला काय झालं होतं?" : बूस्टरला नको म्हणणाऱ्यांशी बोलताना

प्रश्न असा आला आहे : "मी आठ महिन्यांपूर्वी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालो. नऊ महिन्यांपर्यंतचे डोस व्यवस्थित होतात. पण दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर म्हटलं की 'झाले की आमचे सगळे डोस' म्हणून लोक परत फिरतात. शाळेत टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन) द्यायला गेलो तर पालकांच्या 'देऊ नये' अशा चिठ्ठ्या येतात. आणि बूस्टर हा शब्द काढला की म्हातारी माणसं कोविडच्या लसीवरून आम्हालाच झाडतात. यांना समजवायचं कसं?"

तुमच्या प्रश्नातला 'समजवायचं' हा शब्द आधी बाजूला ठेवू या. लसच नको म्हणणारा माणूस वेगळा आणि बूस्टर नको म्हणणारा वेगळा. दुसऱ्याने तुमच्यावर एकदा विश्वास टाकलेला असतो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचं बाळ घेऊन ती बाई अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसली होती, बाळ रडलं तेव्हा तीही रडवेली झाली होती, आणि तरी पुढच्या वेळी ती परत आली होती. तिला लस म्हणजे काय हे माहीत आहे. मधल्या काळात काहीतरी घडलं, किंवा आपण काही सांगायचं विसरलो, आणि ती थांबली. ते काय होतं, हे शोधणं हे आपलं काम. २३ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांवर काढल्यानंतर मी आता बूस्टरच्या नकाराला एकच प्रश्न आधी विचारते : "मागच्या डोसला काय झालं होतं?"

हा प्रश्न मला एका बाईने शिकवला. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात होते तेव्हाची गोष्ट. लसीकरण सत्र संपत आलं होतं, सिस्टर व्हॅक्सिन कॅरिअर आवरत होत्या, आणि आशाताई एका घरून तणतणत परत आल्या. "मॅडम, ती ऐकतच नाही. पोरगं अठरा महिन्यांचं झालं, तीनदा गेले. म्हणते, डोस घ्यायचा नाही म्हणजे नाही." मी सोबत गेले. ती दारातच बसून शेंगा फोडत होती. मी घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात असं सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेंगा फोडत राहिली. माझं संपल्यावर तिने मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाली, "तुमचं झालं का? आता माझं ऐका. माझं मोठं पोरगं ह्याच डोसानं लंगडं झालं होतं."

ते मोठं पोरगं अंगणात टायर पळवत होतं. आशाताई हसायच्या बेतात होत्या, मी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. मग तिने सांगितलं ते असं : दीड वर्षाचा डोस मांडीत दिला. संध्याकाळी पोरगं उभं राहीना. सकाळी उठवलं तर पाय टेकवला की किंचाळायचं. सासूने शेक दिला, सूज वाढली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने मोटारसायकलवरून तालुक्याला नेलं, हाडाच्या डॉक्टरने एक्स-रे काढला, पैसे गेले, मजुरीचे दोन दिवस बुडाले. एक्स-रेत काही निघालं नाही. पाचव्या दिवशी पोरगं आपोआप चालायला लागलं. पण त्या चार रात्री घरात कोणी तिच्याशी धड बोललं नव्हतं, कारण डोसाला घेऊन जाणारी तीच होती.

आता तुम्हीच विचार करा. या डोसातली डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस. तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे सुईच्या जागी सूज, दुखणं, एक-दोन दिवस ताप हे होतंच, आणि ही गोष्ट आपल्याला पाठ असते. साडेतीन महिन्यांच्या बाळाची मांडी दुखली तर ते मांडीवर पडून किरकिर करतं. त्याला चालायचंच नसतं. दीड वर्षाचं मूल मात्र धावत असतं. त्याची तितकीच दुखणारी मांडी आईला 'पाय गेला' अशी दिसते. आपण "थोडा ताप येईल" एवढंच सांगून सोडलं होतं. लंगडेल हे कोणी बोललंच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "ताई, हे आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आमचं चुकलं." मी त्या केंद्रावर तेव्हा नव्हते, डोस दुसऱ्याच कोणी दिला होता, पण ती सफाई देण्यात अर्थ नव्हता. मग विचारलं, "पाय का दुखला होता, ते सांगू का?" ती म्हणाली, सांगा. दोन मिनिटं बोलले. डोस घ्या म्हणून आग्रह केला नाही. त्या दिवशी तिने डोस घेतला नाही. पुढच्या महिन्याच्या सत्राला ती सासूला घेऊन आली आणि सासूने मला विचारलं, "यावेळी शेक द्यायचा नाही ना?"

म्हणून सांगते, पहिल्या भेटीतच डोस झाला पाहिजे असा हट्ट धरू नका. तारखेला डोस झाला तर उत्तमच. पण ज्या घरात गाठ बसली आहे तिथे ती सुटायला दोन भेटी लागतात.

आता दुसरी बाजू. तुमची ड्यू लिस्ट, म्हणजे डोस बाकी असलेल्यांची यादी, काढा आणि दीड वर्षाच्या डोसासमोरच्या राहिलेल्या नावांवर एकेक करून बोट ठेवा. खरंच तोंडाने 'नको' म्हणालेली किती आहेत? मी जेव्हा जेव्हा हे केलं, तेव्हा खरा नकार थोडाच निघाला. बाकीच्यांना डोस आहे हेच माहीत नव्हतं. आणि याला कारण आपली भाषा आहे. कार्यक्रमातच आपण वर्षाच्या आत गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला की बाळाचं 'पूर्ण लसीकरण' झालं असं धरतो. तोच शब्द सिस्टरच्या तोंडात बसतो, आशाताईंच्या तोंडात बसतो, आणि आई घरी जाऊन सांगते, "झाले एकदाचे डोस पूर्ण." सात महिन्यांनी आपणच दारात उभं राहून अजून एक राहिलाय म्हणतो, तेव्हा तिला वाटतं हे काहीतरी नवीनच काढलं आहे. कोविडनंतर तर ही शंका पक्कीच होते.

त्यामुळे दीड वर्षाच्या बूस्टरचं काम नवव्या महिन्याच्या सत्राला सुरू होतं. एमआर म्हणजे गोवर-रुबेलाची लस टोचून झाल्यावर 'आता शेवटचा' किंवा 'पूर्ण झाले' हे शब्द आपल्या तोंडातून जाता कामा नयेत. "आता दीड वर्षाचा, मग शाळेत जाताना पाच वर्षांचा" हे तिथेच सांगा, आणि कार्डावर नुसती तारीख लिहू नका. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. "पुढच्या पोळ्याच्या आसपास", "गावच्या जत्रेनंतरच्या सत्राला" असं सांगितलेलं राहतं. मी कार्डाच्या कोपऱ्यात पेनाने 'पोळा' असंच लिहायचे.

बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातले असाल तर ऊसतोडीचं वेगळं धरा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. १६ ते २४ महिन्यांची जी खिडकी आपल्याला मिळते, तिचा मोठा तुकडा त्या मुलांचा कोपीत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, जातो. ही माणसं नाही म्हणत नाहीत, ती गावात नसतात. त्यांना नकारवाले म्हणून रजिस्टरमध्ये टाकणं अन्यायाचं आहे. दसऱ्याच्या आधी यादी काढा, ज्यांना १६ महिने झाले त्यांना जाण्यापूर्वीच द्या, आणि बाकीच्यांच्या कार्डाचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात डोस मिळतो हे त्यांना सांगावं लागतं. अनेकांना वाटतं आपल्याच गावात घ्यावा लागतो. आणखी एक भीती असते : उशीर झाला म्हणजे पहिल्यापासून सगळे डोस परत घ्यावे लागणार, शिवाय सिस्टर सगळ्यांदेखत बोलणार. डोस राहिला तिथूनच पुढे सुरू होतो. डीपीटी वयाच्या सात वर्षांपर्यंत देता येते, एमआर पाच वर्षांपर्यंत. आणि उशिरा आलेल्या आईला चारचौघांत बोलणं आजपासून बंद करा. एका बाईला आपण बोललो की तिच्या वाड्यातल्या चार बायका यायच्या थांबतात.

उरलेले ते खरे नकार. त्यांच्याशी बोलायची माझी पद्धत सांगते.

सत्राला आलेल्या आईला "बूस्टर द्यायचा का?" असं विचारू नका. सरळ सांगा : "आज बाळाचे दीड वर्षाचे डोस आहेत. एक मांडीत, एक दंडात आणि पोलिओचे दोन थेंब." बहुतेक जणी बाळाचं झबलं वर करायला लागतात. 'द्यायचा का' विचारलं की तिला वाटतं हे ऐच्छिक आहे, डॉक्टरलाच खात्री नाही. पण हे सांगून झाल्यावर क्षणभर थांबा आणि तिच्या तोंडाकडे बघा. तिने बाळाला जवळ ओढलं, शेजारणीकडे पाहिलं, तर घाई करू नका. तिथे तो प्रश्न विचारायचा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्याला सगळ्यात जड जातं, कारण मागे बारा जणी रांगेत असतात. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत एकदा परत म्हणा : "म्हणजे त्या रात्री ताप उतरलाच नाही आणि तुम्ही एकट्याच होता घरी." मग विचारा, "सांगू का याबद्दल?" हो म्हणाली तर एकच मुद्दा सांगा, तिने विचारलेला. तिला तापाची भीती असेल तर घटसर्पाचं व्याख्यान नको.

बऱ्याचदा निर्णय तिच्या हातात नसतोच. "ह्यांना विचारावं लागेल" म्हणाली तर ते टाळणं समजू नका. नवरा पुण्यात किंवा चाकणला कंपनीत असेल, तर तिथल्या तिथे फोन लावायला सांगा आणि स्पीकरवर बोला. "दादा, मी आरोग्य केंद्रातून बोलते आहे, मूल छान आहे" हे वाक्य आधी म्हणा, नाहीतर दवाखान्यातून फोन म्हटल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो. आणि सासू असेल तर सुनेशी बोलू नका, सासूशी बोला.

का घ्यायचा, हे विचारणाऱ्यांसाठी उत्तर तयार असू द्या, पण ते बरोबर असू द्या. आपण 'दुसरा डोस' आणि 'बूस्टर' यांची सरमिसळ करतो आणि मग शिकलेला पालक आपल्याला पकडतो. गोवर-रुबेलाचा दीड वर्षाचा डोस हा पहिल्याची ताकद संपली म्हणून देत नाहीत. नवव्या महिन्यात टोचलेल्या शंभर मुलांपैकी साधारण ८५ मुलांमध्ये ती लस लागू पडते. पंधरांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं किंवा इतर कारणांनी ती रुजत नाही, आणि ती पंधरा कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सगळ्यांना दुसऱ्यांदा. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुलं दगावली, त्यानंतर नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना उद्रेकाच्या भागात जादा डोस दिला गेला, तो याच हिशेबाने. गोवर इतका पसरतो की वस्तीतली ९५ टक्के मुलं सुरक्षित नसतील तर तो वाट काढतोच.

डीपीटीचं वेगळं. तिथे पहिल्या तीन डोसांनी तयार झालेलं संरक्षण वर्षांगणिक खरोखर उतरत जातं. हे सांगायला मला एका आजोबांनी शब्द दिले. मी त्यांना स्मृतिपेशी वगैरे सांगत होते, ते म्हणाले, "म्हणजे ज्वारीसारखं. पेरल्यावर ओल होती म्हणून उगवली. पण पोटऱ्यात आल्यावर पाण्याची पाळी चुकली तर कणीस भरत नाही." त्या दिवसापासून रब्बीच्या गावात मी दुसरं काही सांगत नाही. कोकणात किंवा शहरात असाल तर तिथलं काही शोधा. तुमच्या गावातलाच माणूस ते तुम्हाला देईल, ऐकत राहा.

ती पाण्याची पाळी चुकली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. आठेक वर्षांचा मुलगा, मान दोन्ही बाजूंनी सुजून बैलासारखी झालेली, लाळ गिळता येत नव्हती. टॉर्च मारून घसा पाहिला तर टॉन्सिलवर करडा पापुद्रा. घटसर्प. त्याचं कार्ड आईने पदरातून काढून दिलं, नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. बाळपणीचे तिन्ही डोस वेळेवर. त्यापुढचे दोन रकाने कोरे. घटसर्पाचं सिरम प्रत्येक दवाखान्यात नसतं, त्यामुळे १०८ मध्ये घालून मोठ्या रुग्णालयात पाठवताना वाटेत श्वास अडतो की काय, ही एकच धास्ती होती. मुलगा वाचला. पण त्या विषाचा परिणाम हृदयावर होतो म्हणून त्याला कितीतरी दिवस अंथरुणातून उठू दिलं नव्हतं. घटसर्प आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळेतल्या वयाकडे सरकलेला दिसतो तो यामुळेच : तीन डोस झालेले, बूस्टर राहिलेले. ती आई हलगर्जी नव्हती. कार्ड इतकं जपणारी बाई, तिला कोणी सांगितलं असतं तर ती आली असती.

ही गोष्ट मी तुम्हाला सांगते आहे, पालकांना पहिल्याच वाक्यात सांगत नाही. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं की तो मान डोलावतो आणि पुढच्या सत्राला दार लावून घेतो.

आता कोविडचं. याला बगल देऊ नका, कारण बूस्टर हा शब्द आपल्या गावांमध्ये आला तोच त्या काळात. सरकारी नाव 'प्रिकॉशन डोस' होतं. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे लोक यांना तो सुरू झाला, एप्रिलमध्ये अठरा वर्षांवरच्यांना खाजगी केंद्रांत विकत, आणि १५ जुलैपासून ७५ दिवस सगळ्या प्रौढांना सरकारी केंद्रांत मोफत. म्हणजे लोकांच्या मनात भीती होती तेव्हा तो मिळत नव्हता, आणि मिळायला लागला तेव्हा लाट ओसरली होती. अंतरही आधी नऊ महिने सांगितलं, मग सहा. नियम बदलण्यामागे कारणं होती, पण ती गावात येऊन कोणी सांगितली नाहीत. त्यात दोन डोस घेऊनही अनेकांना कोविड झाला. 'लस घेतली की होणारच नाही' असं आपल्यातल्याच काहींनी उत्साहाच्या भरात सांगितलं होतं. लोक ते विसरलेले नाहीत.

मी आता म्हाताऱ्यांना एवढंच म्हणते : "बाबा, लस घेऊनही कोविड होऊ शकतो, हे आम्ही तेव्हा नीट सांगितलं नाही. मरण आणि ऑक्सिजनची वेळ मात्र तिने पुष्कळ टाळली." हे मान्य केल्यावर निम्मा राग तिथेच उतरतो. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यात कोविशील्डच्या मूळ कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या बाह्यरुग्ण विभागात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. 'काही नाही, अफवा आहे' असं म्हणू नका, ती अफवा नव्हती. प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचा तो विकार खरा आहे, फार विरळा आहे, २०२१ पासून माहीत होता, बहुतेक वेळा पहिल्या डोसानंतर काही आठवड्यांत होतो. काही वर्षांपूर्वी डोस घेतलेल्या माणसाने आज त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. आणि 'लसीमुळे तरुण पोरं अटॅकने जातात' हे म्हणणाऱ्यांना आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) अभ्यास सांगा : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १८ ते ४५ वयातले, अचानक दगावलेले ७२९ जण आणि तुलनेसाठी २,९१६ जण होते. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी होता. घरात आधी असा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू, अंगाला पेलणार नाही असे श्रम, यांच्याशी मात्र संबंध दिसला. ज्याचा तरुण मुलगा गेला आहे त्याच्यासमोर हे आकडे काढू नका. तिथे फक्त बसा.

पण एक पथ्य पाळा. कोविडच्या लसीची आणि दीड वर्षाच्या डोसाची एकच मोट बांधू नका. कोविडच्या वादात जिंकलात तरच डीपीटी देता येईल असं काही नाही. मी तर लहान मुलांच्या बाबतीत बूस्टर हा शब्दच सोडून दिला आहे. 'दीड वर्षाचा डोस', 'शाळेत जाण्याआधीचा डोस'. यात लपवाछपवी नाही, तेच त्याचं घरगुती नाव आहे. कोणी थेट विचारलं, हाच का तो बूस्टर, तर हो म्हणायचं, आणि हा दीड वर्षाचा डोस आपल्याकडे कितीतरी वर्षांपासून देतात, तुम्हालाही लहानपणी त्रिगुणीचा (डीपीटीचंच जुनं नाव) मिळाला असेल, हे सांगायचं.

शाळेतल्या टीडीसाठी माझ्याकडे याहून सोपा रस्ता आहे. ज्या घरातून 'देऊ नये' अशी चिठ्ठी आली, त्याच घरातला माणूस पायात खिळा घुसला की रात्री आठ वाजता केंद्राचं दार वाजवतो : "मॅडम, टीटी मारा." धनुर्वाताच्या इंजेक्शनला महाराष्ट्रात मी कधी नकार ऐकलेला नाही. मग पालकसभेत हेच सांगा. दहा आणि सोळा वर्षांचं इंजेक्शन म्हणजे तेच आपलं टीटी, २०१९ पासून त्यात घटसर्पाचा घटक घातला म्हणून नाव टीडी झालं. गरोदर बायकांनाही हेच देतो. 'मुलींना पुढे मूल होणार नाही' ही आवई उठली (२०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतही ती उठली होती) की या एका वाक्याने ती पुष्कळशी बसते : जे इंजेक्शन पोटुशी बाई आणि तिचं बाळ जगावं म्हणून देतात, ते मूल होऊ नये म्हणून कसं असेल?

शाळेत आणखी एक सांभाळा. एक मुलगी चक्कर येऊन पडली की पाठोपाठ सात-आठ पडतात, पालक धावत येतात, मोबाइलवर चित्रफीत फिरते आणि पुढची दोन वर्षं त्या गावात टीडी होत नाही. हे सुईच्या भीतीने होतं. पोषण आहार झाल्यावर सत्र घ्या, उपाशीपोटी नको. रांग लावू नका, टोचताना बाकीच्यांना दिसणार नाही अशी खोली घ्या, बसवून टोचा, आणि आधी कधी टोचताना ज्यांना भोवळ आली होती त्यांना आडवं करून. सुई कापणाऱ्या हब कटरचा तो कट्ट आवाजसुद्धा मुलांना घाबरवतो, तो जरा लांब ठेवा.

डोस दिल्यानंतरचे चार निरोप प्रशिक्षणात शिकवतात : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढचा डोस कधी व कुठे, कार्ड जपून ठेवा. तेच सांगा, फक्त दुसरा निरोप नेमका करा. "मांडी सुजेल, एक-दोन दिवस लंगडेल, गाठ आठवडाभर हाताला लागेल. चोळू नका, शेकू नका, गार पाण्याची ओली पट्टी ठेवा. तापाचं औषध एवढंच," आणि मुलाच्या वजनाप्रमाणे किती ते बाटलीच्या झाकणावर खूण करून दाखवा. तीन दिवसांत कमी झालं नाही, झटका आला, बाळ तीन तासांहून जास्त सलग किंचाळत राहिलं किंवा निपचित पडलं तर लगेच फोन करायचा. अर्धा तास थांबवून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आशाताईंचा एक फोन किंवा फेरी. या एका फोनने पुढचा बूस्टर जितका पक्का होतो तितका कोणत्याच पोस्टरने होत नाही. त्या शेंगा फोडणाऱ्या बाईला पहिल्या वेळी असा फोन गेला असता तर एक्स-रेचे पैसेही वाचले असते.

कधी कधी 'नको' बरोबर असतं, हेही ध्यानात ठेवा. मागच्या डोसानंतर अंगावर पित्त उठून श्वास लागला असेल, डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लसीनंतर सात दिवसांच्या आत बेशुद्धी किंवा मेंदूचा त्रास झाला असेल, तर डोस तिथेच थांबवा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. हे फक्त "मागच्या डोसला काय झालं होतं?" विचारलं तरच कळतं. साधी सर्दी, जुलाब, दात येणं, ही थांबायची कारणं नाहीत, जास्त ताप असेल तर मात्र पुढे ढकला.

आपल्याच माणसांबद्दल. २०२२ मध्ये आमच्या केंद्रातही काहींनी प्रिकॉशन डोस घेतला नव्हता आणि मी त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, ते माझं चुकलं. एकीने नंतर एकटीला गाठून सांगितलं की दुसऱ्या डोसानंतर तिची पाळी दोन महिने बिघडली होती आणि पुरुष कर्मचाऱ्यांसमोर ती ते कसं बोलणार. लस टोचणाऱ्या हाताच्या मनात शंका असेल तर ती समोरच्या आईला बरोबर कळते. तुमच्या सिस्टर आणि आशाताई यांच्याशीही तोच प्रश्न, एकेकीशी, चहा पिताना. आणि लोकांनी विचारलं, "तुमच्या पोराला दिला का?" तर खरं तेच सांगा.

रेशन बंद होईल, शाळेत घेणार नाहीत, योजनेचे पैसे मिळणार नाहीत, असलं काही कोणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. ते खोटं असतं, आणि पकडलं जातं. जो शेवटपर्यंत नाहीच म्हणाला त्याच्या नावापुढे नुसतं 'नकार' लिहू नका, कारण लिहा, त्याच्याच शब्दांत. पुढच्या महिन्यात सिस्टर बदलल्या तरी त्या कोऱ्या पाटीने जाणार नाहीत.

सुरुवात लहान करा. पुढच्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी, गुरं परत आल्यावर, आशाताईंबरोबर तीन घरं करा, तीनच. रजिस्टर घेऊन जाऊ नका, ते पाहिलं की माणसं मोजून बोलतात. चहा दिला तर प्या. मोठ्या मुलाची चौकशी करा, तो कितवीत आहे, कसा खेळतो. आणि मग विचारा.